उणे अकरा

अहवाल पालकांच्या ग्रुपवर सकाळी सव्वानऊला पडला आणि हणमंत निकमनं तो यंत्रमागांच्या खडखडाटात उभं राहून वाचला. खोत सरांच्या पोलीस भरती अकॅडमीची रीतच तशी होती. पोरांचं वजन, पळायची वेळ, गोळा किती लांब गेला, कोण किती दिवस गैरहजर, सगळं ग्रुपवर. चारचौघांत लाज गेली की पोरगं आपोआप पळतं, असं सरांचं शास्त्र होतं. त्यामुळं विट्यातल्या अठ्ठेचाळीस घरांनी एकाच वेळी वाचलं की ओवी हणमंत निकम, वय एकवीस, हिला अंथरुणातून उठवायला सगळ्यात उपयोगी आवाज तिच्या चुलतीचा, शालन निकम, अधिक एकेचाळीस. आणि सगळ्यात निरुपयोगी आवाज तिच्या बापाचा, उणे अकरा.

शून्य असतं तर हणमंतनं ते पचवलंही असतं. शून्य म्हणजे बाप नुसता खांब, असून नसल्यासारखा. पण उणे अकरा म्हणजे बापानं हाक मारली की पोरगी उठायची ती झोपून राहते. दोन वर्षं हा माणूस पहाटे साडेचारला दाराशी उभा राहून "ऊठ ओवे" म्हणत होता. ती पळायची तेव्हा शेजारून मोटारसायकल चालवत होता, एका हातात घड्याळ धरून. स्वतःची भरती पंचवीस वर्षांपूर्वी अर्ध्या सेकंदानं हुकली, हे त्यानं पोरीला इतक्यांदा सांगितलं होतं की तो अर्धा सेकंद घरातल्या माणसासारखाच झाला होता. आणि आता मिरजेहून आलेलं यंत्र म्हणत होतं की तूच धोंड आहेस.

यंत्राचं नाव होतं हाक. दोन हजार एकेचाळीस साली असल्या यंत्रांचं कुणाला नवल राहिलं नव्हतं, पण हे जरा वेगळं होतं. मिरजेच्या एका मानसशास्त्र केंद्रातली काही तरुण मंडळी बरीच वर्षं एकाच प्रश्नामागं लागली होती. व्यायाम चांगला, हे तरण्याताठ्या पोरांना कळतं. शंभरातली ऐंशी रात्री ठरवून झोपतात की उद्यापासून पळायचं. सकाळी उठतात ती पंचवीस. मग मधली पंचावन्न कुठं गळतात? ती आळशी म्हणून गळतात, असं जग म्हणत होतं. केंद्रानं मोजून पाहिलं. जाग आल्यापासून अंग उचलेपर्यंत चारेक सेकंद मेंदू तराजू धरून बसतो. एका पारड्यात कष्ट, दुसऱ्यात फायदा. आता गंमत अशी, की तब्येत, नोकरी, दीर्घायुष्य असले फायदे त्या चार सेकंदांत जवळपास तोललेच जात नाहीत. त्या घटकेला मेंदूतली वेगळीच जागा जागी होते, ओळखीच्या माणसाचा आवाज ऐकल्यावर होते ती. म्हणजे प्रत्येकाच्या डोक्यात कुणीतरी एक बसलेलं असतं, आणि माणूस उठतो तो त्याच्यासमोर.

ते कोण, हे त्या माणसाला स्वतःलाही ठाऊक नसतं. यंत्र ते शोधतं. कानामागं बोटाएवढी पट्टी लावायची, ओळखीचे चाळीसेक आवाज ऐकवायचे आणि कुठल्या आवाजाला पारडं किती झुकतं ते पाहायचं. अधिक एकेचाळीस म्हणजे तो आवाज कानात पडला तर शंभर सकाळींतल्या एकेचाळीस जास्तीच्या हाती लागतात. मग जाग येण्याच्या नेमक्या क्षणी पट्टी तोच आवाज ऐकवते. पण त्यात दोन अडचणी होत्या. आठ दिवसांत हाक शिळी होते, नवी बोलून घ्यावी लागते. आणि यंत्रानं नक्कल केलेला आवाज चालत नाही, कारण नक्कल आहे किंवा नाटक आहे हे एकदा कळलं की मेंदू ती हाक मोजायचीच सोडून देतो. ज्याचा आवाज त्यानं मनापासून, दर आठवड्याला, स्वतः बोलायला हवं.

केंद्राच्या मेहजबीन मुजावर मॅडमनी अकॅडमीत येऊन हे सगळं पालकांना समजावून सांगितलं होतं. तिशीच्या आतलीच बाई, पण बोलणं मोजूनमापून. हणमंतला ते पटकन समजलं होतं. तो मागाच्या शेडमध्ये जॉबर, म्हणजे बिघडलेला माग सुरू करून देणारा माणूस. कुठला धागा ढिला आणि कुठला ताणलेला हे बघणं त्याचं रोजचं काम. फक्त आपणच तो जास्त ताणलेला धागा निघू, हे त्याच्या डोक्यात आलं नव्हतं.

संध्याकाळी ओवीनं त्याच्यासमोर चहा ठेवला आणि जरा वेळ उभी राहिली. मुद्दाम नाही केलं मी, म्हणाली. हणमंत म्हणाला, ठाऊक आहे.

"तुम्ही हाक मारली की वाटतं, हे पळणं तुमचं आहे," ती म्हणाली. "तुमचं राहिलेलं मी पळतीय. मग पाय उचलत नाही पप्पा."

त्याला वाईट वाटलं, चांगलंच वाईट वाटलं. पण जानेवारीत भरतीचं ग्राउंड होतं, म्हणजे मैदानी चाचणी, आठशे मीटर आणि गोळाफेक. वयाची अट त्याच साली खाली आली होती, त्यामुळं ही ओवीची शेवटचीच संधी होती. ही हुकली तर मागाच्या शेडमध्ये सुताच्या कांड्या भरायला जागा रिकामी होतीच, आणि तिला तिथं बघायची हणमंतची तयारी नव्हती. त्यानं चहा संपवला आणि उठून पलीकडच्या दारात गेला.

पलीकडं म्हणजे एका भिंतीपलीकडं. शालन ही त्याच्या थोरल्या भावाची, पांडुरंगची बायको. ओवी तिला लहानपणी मोठी आई म्हणायची. नऊ वर्षांपूर्वी एका बारशात बायकांच्या घोळक्यात शालन बोलून गेली होती. ओवी तेव्हा बारा वर्षांची, शाळेच्या शर्यतीत नुकतीच शेवटची आलेली. "बापाचं अर्ध्या सेकंदानं गेलं, हिचं अर्ध्या तासानं जाईल," असं शालन म्हणाली आणि सगळ्या बायका हसल्या. हणमंतनं तिथंच तोंड सोडलं, आणि दोन्ही घरांत अबोला पडला तो पडलाच. चार वर्षांपूर्वी भाऊ गेला तेव्हा हणमंतनं खांदा दिला, तेराव्याला पानं वाढली, पण वहिनीशी शब्द बोलला नाही. असल्या बाबतीत निकमांचं घराणं नमुनेदार होतं.

शालन ज्वारी निवडत होती. ग्रुपवरचा अहवाल तिच्यापर्यंत दुपारीच पोचला होता, कारण विट्यात काही लपत नाही. हणमंतनं खाली मान घालून काम सांगितलं. तिनं सूप बाजूला ठेवलं आणि अगदी सावकाश विचारलं की म्हणजे माझ्यावाचून तुमची पोरगी उठंना, असंच ना? तसंच, असं हणमंत म्हणाला. ते वाक्य तिनं त्याच्याकडून दोनदा वदवून घेतलं. मग पदर खोचून, जणू फोटो काढायचा आहे अशी ताठ बसली आणि त्याच्या फोनमध्ये बोलली, "लोळतीयास अजून? म्हशी रवंथ करून उठल्या गं. तू लोळ निवांत. तुझ्यानं न्हाई व्हायचं, मी आधीच सांगितलं हुतं."

दुसऱ्या दिवशी पाचला दहा कमी असताना ओवीनं बुटाची नाडी बांधली. तोंड असं, की कुणाशी तरी भांडायला निघालीय.

पुढचे दोन महिने झकास गेले. दर गुरुवारी हणमंत जायचा आणि शालन नवं काहीतरी खवट बोलायची. तिच्याकडं माल भरपूर होता. ओवीची आठशे मीटरची वेळ तीन मिनिटं वीस सेकंदांवरून दोन मिनिटं चौपन्नवर आली. हणमंतनं पहाटे तोंड उघडायचं बंद केलं. मोटारसायकल घेऊन तो आता मागं, बराच मागं राहायचा. महिन्यानं पुन्हा मोजणी झाली तेव्हा त्याचा आकडा उणे तीनवर आला होता, आणि ग्रुपवर तो वाचून या माणसाला पेढे वाटावेसे वाटले.

घोटाळा झाला तो डब्यापायी. दिवाळीच्या सुमाराला शालननं एका गुरुवारी शेंगदाण्याचे लाडू दिले. पोरगी पळतीया, अंगात काय तरी जायला नको का, एवढंच म्हणाली. आता आपल्याकडं आलेला डबा रिकामा परत करत नाहीत. हणमंतच्या बायकोनं, रूपालीनं, त्यात चकल्या घालून दिल्या. शालनला तरी रिकामा डबा कसा ठेववणार? तिनं उकडलेली अंडी पाठवली. मग इकडून गव्हाची खीर गेली, तिकडून मेथीचे लाडू आले. कार्तिकात ओवी स्वतःच डबा घेऊन गेली आणि मोठ्या आईच्या पाया पडून, तासभर गप्पा मारून आली. नऊ वर्षांचा अबोला एका स्टीलच्या डब्यानं दीड महिन्यात खाऊन टाकला. सगळ्यांना बरं वाटलं. रूपाली तर म्हणाली, त्या मिरजेच्या पोरींना पुण्य लागेल.

गुरुवारची हाकही बदलली. "ऊठ गं माझ्या बाळा. थंडी हाय, कान बांधून जा." ओवी ती ऐकायची, झोपेतच हसायची आणि कूस बदलायची.

आकडे उतरायला लागले. एकेचाळीसचे तेहेतीस, मग एकोणीस, आणि डिसेंबरच्या मध्याला सहा. वेळ परत तीन मिनिटांच्या वर गेली. ग्राउंडला तीन आठवडे उरले होते. हणमंत मिरजेला जाऊन मुजावर मॅडमना भेटला आणि यंत्र बिघडलंय का विचारलं. मॅडमनी आलेख दाखवला. यंत्र ठीक होतं. त्या म्हणाल्या की ओवी चुलतीसाठी उठत नव्हतीच, ती चुलतीला खोटं पाडायला उठत होती. आता चुलतीच म्हणते की तू माझी गुणाची. खोटं कुणाला पाडायचं? दुसरा आवाज शोधू म्हणाल तर बाकी सगळे पाचच्या आत आहेत, आणि स्वतःसाठी उठायची सवय मुरायला वर्ष लागतं, तीन आठवड्यांत होत नाही.

हणमंतनं विचारलं की वहिनी परत ओवीशी भांडल्या तर. मॅडमनी आलेख मिटवला. मग म्हणाल्या की आम्ही फक्त मोजतो, असं करा म्हणून मी सांगू शकत नाही. पण तुम्ही करणारच असाल तर एवढं लक्षात ठेवा, तिला नाटक कळलं तर सहाचं शून्य होईल.

तो थेट शालनकडं गेला आणि सगळं जसंच्या तसं सांगितलं. ती भाजी चिरता चिरता थांबली. आधी तिला राग आला. नऊ वर्षांनी पोरगी दारात आलीय, तर ती तोडून टाकू होय, म्हणाली. मग उरलेली भाजी चिरून संपवली. शेवटी म्हणाली की आता नुसतं खवट बोलून भागायचं नाही, पोरगी हसेल आणि गळ्यात पडेल.

"धार असलेली एकच गोष्ट माझ्याजवळ हाय, भावजी," ती म्हणाली. "आणि ती तुमची हाय. ह्यांनी जाताना सांगितली हुती मला. आजवर मी कुणाजवळ बोलल्याली न्हाई. वापरायची का न्हाई, तुम्ही ठरवा."

हणमंतला कळलं. त्यानं आणखी विचारलं नाही. सोबत ओवीसाठी खारकांनी भरलेला डबा घेऊन तो घरी आला.

गोष्ट अशी होती. पंचवीस वर्षांपूर्वी पांडुरंग त्याला सांगलीच्या मैदानावर भरतीला घेऊन गेला होता. तिथं आतली हजार पोरं पाहून हणमंत भ्याला, आणि तो फाटकातूनच माघारी फिरला. तो पळालाच नव्हता. एस. टी.त भावानं सांगितलं, घरी म्हणू, थोडक्यात हुकलं. अर्धा सेकंद हा पांडुरंगचा शोध. हणमंतनं तो पुढं इतकी वर्षं वागवला, लग्नात सांगितला, पोरीला सांगितला, अखेर स्वतःलाही जवळजवळ खरा वाटेपर्यंत सांगितला. दुसऱ्या दिवशी शेडमध्ये त्याच्या हातून दोन माग चुकीचे जोडले गेले आणि मालकाची बोलणी खावी लागली. त्याला भीती वाटत होती, उघड भीती. ओवीच्या नजरेत तो उणे का असेना, पण अर्ध्या सेकंदानं हुकलेला माणूस होता. हे गेलं तर काय उरणार, याचा त्याला काही हिशेब लागेना. पाळी संपली तेव्हा तो घरी आला, खारका एका ताटलीत काढून ठेवल्या आणि डबा धुऊन पुसून शालनच्या हातात दिला. तिनं झाकण उघडून पाहिलं. आत काही नव्हतं. तिनं झाकण लावलं आणि समजलं अशी मान डोलावली.

रविवारी अकॅडमीत पालकसभा होती. ज्यांचा आवाज, त्यांनाही बोलावणं असायचं, म्हणून शालन पहिल्या रांगेत बसली होती, ओवीच्या शेजारीच. खोत सरांनी तिला दोन शब्द बोलायला सांगितलं. ती उठली.

"लाडू घालून बघितलं, गोड बोलून बघितलं," ती म्हणाली. "पर रक्त काय बदलतंय व्हय? सर, तुमी हिच्यावर कशाला मेहनत घेताय? हिचा बाप अर्ध्या सेकंदानं हुकला म्हणून सांगतोय गावभर. खोटं हाय. त्यो पळालाच न्हाई. फाटकातनंच माघारी आलाय, भिऊन. माझं मालक संगट हुतं. आता ही पण तशीच येणार बघा. बापासारखीच हाय ही."

हणमंत जमिनीकडं बघत होता. त्याला ठाऊक होतं काय येणार ते, तरी कानशिलं तापली आणि डोळ्यांत पाणी आलं, आणि ते काही नाटक नव्हतं. ओवी शालनकडं पाहत होती. मग तिनं बापाकडं पाहिलं आणि बाकावरून उठून बाहेर गेली.

घरी जाताना मोटारसायकलवर मागं बसून तिनं एकदाच विचारलं, खरं आहे का ते. हणमंत म्हणाला, खरं आहे. हे ठरवून केलं होतं, ते मात्र त्यानं सांगितलं नाही. त्या आठवड्याची हाक शालननं त्या सभेतल्याच तोंडानं दिली. ओवी पट्टीनं हाक मारायच्या आधी, चार वीसला, उठून बसलेली असायची. वेळ दोन मिनिटं सत्तेचाळीसवर आली. मोजणीत शालनचा आकडा अधिक अठ्ठावन्न निघाला, जिल्ह्यात कुणाचा नव्हता एवढा. आपल्या नावापुढचा आकडा हणमंतनं त्या खेपेला पाहिला नाही. दोन्ही घरांतली बोलचाल बंद झाली होती. ओवीनं आईला बजावलं होतं की पलीकडून काही आलं तर घ्यायचं नाही. गुरुवारी हणमंत शालनकडं जायचा तो मागच्या दारानं, आणि ओवीला सांगायचा की केंद्राचा नियमच आहे, जावं लागतं.

ग्राउंड सांगलीतच होतं, तेच मैदान. पट्ट्या फाटकावर काढून ठेवाव्या लागायच्या, मैदानावर कान मोकळे हवेत असा नियम होता. पालकांना आत दोरीच्या अलीकडं उभं राहता येत होतं. ओवीनं पट्टी त्याच्या हातात दिली आणि म्हणाली, या आत. हणमंत आत गेला.

आठशे मीटर तिनं दोन मिनिटं त्रेचाळीस सेकंदांत काढले. शेवटच्या वळणावर तिच्यापुढं चौघी होत्या, त्यातल्या तिघींना तिनं मागं टाकलं. हणमंत ओरडला नाही. तोंडावर हात धरून उभा राहिला. ती दोरीशी आली तेव्हा धापेनं तिला बोलता येत नव्हतं. अजून गोळाफेक राहिली होती, आणि गोळा ही तिची कच्ची बाजू, ऐनवेळी हात ढिला पडायचा.

"फोन लावा तिला," ती म्हणाली. "सांगा, पळाले. बापासारखी फाटकातनं माघारी नाही आले, म्हणावं."

हे तिनं त्याच्या तोंडाकडं बघूनच सांगितलं. मग पाणी प्यायला गेली. हणमंत बाजूला झाडाखाली गेला आणि फोन लावला. शालननं पहिल्या घंटेलाच उचलला. त्यानं वेळ सांगितली आणि निरोप सांगितला, एक शब्दही कमी न करता.

"असंच म्हणाली?" शालननं विचारलं.

"असंच."

"लागलं तुमास्नी?"

"लागलं."

"मग जमलंय," शालन म्हणाली. पलीकडं तिनं नाक ओढल्याचं ऐकू आलं. घामाच्या अंगावर स्वेटर घातलाय का पोरीनं, असं तिनं विचारलं. मग म्हणाली की पुढं नऊ महिन्यांचं ट्रेनिंग आहे म्हणे, दर आठवड्याला वंगाळ काय काय सुचणार मला, तुम्हीही जरा विचार करून ठेवा. त्यानं बरं म्हटलं आणि फोन ठेवला.

गोळाफेकीचा पुकारा चालू झाला होता. ओवी हातावर पांढरी पूड चोळत त्याच्याजवळ आली.

"काय म्हणाली?"

हणमंतनं क्षणभर विचार केला.

"म्हणाली, पळायचं काय, कुत्रं मागं लागलं की कुणी बी पळतंय. गोळा टाकाय ताकद लागती. ती हिच्या बापात बी नव्हती."

ओवीचे ओठ घट्ट मिटले. तिनं बाही वर सारली, दोरीखालून वाकून आत गेली आणि गोळ्याच्या रांगेत सगळ्यांच्या पुढं जाऊन उभी राहिली.